तीन जुनी टॉप लोड मशिनं बघून ठेवलीत, घ्यायचंय एकच

एका ताईंचं पत्र आलंय. थोडक्यात असं: "जुन्या टॉप लोड वॉशिंग मशीनची मला आवड आहे आणि आता एक घरात आणायचंच असं ठरवलंय. तीन बघून ठेवलीत. एक 1970 च्या दशकातलं मेटॅग, एक 1980 च्या दशकातलं बिनपट्ट्याचं, म्हणजे डायरेक्ट ड्राइव्ह व्हर्लपूल, आणि एक जीईचं, म्हणजे जनरल इलेक्ट्रिकचं, फिल्टर-फ्लो. तिन्ही चालू आहेत असं विकणारे सांगतात. शोभेला ठेवायचं नाहीये, रोजचं धुणं त्यातच करायचंय. मी कागदावर तक्ता केला, सायकल किती, स्पीड किती, सॉफ्टनरचा डबा आहे का, लिंट फिल्टर कुठे, आणि तक्ता करून आणखीच गोंधळले. पान्हा धरायला मी घाबरत नाही, पण घरात काही वर्कशॉप नाहीये. दीर म्हणतात जुनं घ्यायचं तर फ्रिजिडेअरच घ्या. तुम्ही कुठलं घ्याल?"

ताई, मी डायरेक्ट ड्राइव्ह घेईन. मनाला विचाराल तर फिल्टर-फ्लो, पण रोजचं धुणं करायचं म्हणालात ना, मग डायरेक्ट ड्राइव्ह. का ते सांगतो, आणि ते सांगताना तुमच्या तक्त्यातल्या अर्ध्या ओळी खोडायला लावणारे, रागावू नका.

सगळ्यात आधी सायकलची ओळ खोडा. या मशिनांचा टायमर म्हणजे एक छोटी मोटर, ती दातेरी चकत्यांचा एक गठ्ठा हळूहळू फिरवते आणि त्या चकत्या एकेक स्विच लावतात, बंद करतात, बास. पॅनलवर नॉर्मल, परमनंट प्रेस, डेलिकेट असं काहीही लिहिलेलं असो, बहुतेक वेळा ती त्याच गठ्ठ्यावरची सुरुवातीची वेगवेगळी ठिकाणं असतात. कुठे धुण्याचा वेळ कमी, कुठे मोटर स्लो स्पीडवर, आणि परमनंट प्रेसला पिळायच्या आधी कपडे गार पाण्यात थंड करतात म्हणजे चुण्या कमी पडतात, एवढाच फरक. बारा सायकलवालं मशीन सहा सायकलवाल्यापेक्षा चांगलं धुतं असं अजिबात नाही. सॉफ्टनरच्या डब्याचीही ओळ खोडा, सॉफ्टनर काय मागाहून हातानेही घालता येतो.

आता त्या जागी काय लिहायचं ते. पहिलं म्हणजे मधला खांब, ॲजिटेटर, तो हलतो कसा. जुन्या बेल्टवाल्या मशिनांचे झोके लांब आणि सावकाश असतात, खांब अर्ध्या वर्तुळाच्या आसपास फिरतो, थांबतो, उलटा येतो. बघायला फार सुंदर दिसतं, कपडे एखाद्या मोठ्या फुलासारखे मधून खाली जातात आणि कडेने वर येतात. डायरेक्ट ड्राइव्हचं उलट, झोका आखूड आणि भराभर, फास्ट स्पीडला मिनिटाला साधारण 180. ऐकायला खटखटाट वाटतो आणि नाजूक कपड्यांना तो जरा जास्तच होतो, म्हणून असल्या मशीनला स्लो स्पीड असणं महत्त्वाचं, तुमच्यावाल्याला आहे का ते विचारून घ्या. त्यातल्या बऱ्याच मॉडेलना दोन भागांचा खांब असतो, खालचा भाग पुढेमागे हलतो आणि वरचा मळसूत्रासारखा भाग एकाच दिशेने फिरत कपडे खाली ढकलत राहतो. टब भरलेला असला की हा प्रकार खरंच कामाचा आहे, कारण नुसत्या सरळ पंख्यांच्या खांबाला जास्त कपडे घातले की वरचे वरच तरंगत राहतात.

हे तपासायचं कसं, तर मशीन बघायला जाताना घरचे सातआठ टॉवेल आणि त्यात एक भडक रंगाचा रुमाल (रंग न जाणारा हं) घेऊन जा. पाणी भरू द्या, धुणं सुरू झालं की तो रुमाल वर टाका आणि घड्याळ लावून बघत बसा, तो खाली कधी जातो आणि परत वर कधी येतो. दोन-तीन मिनिटांत येरझारा घालत असेल तर मशीन कपडे फिरवतंय. पाच मिनिटं झाली तरी रुमाल तिथेच घुटमळत असेल आणि खांब दोन भागांचा असेल, तर वरच्या भागाच्या आत चार छोटे प्लॅस्टिकचे दात असतात ते झिजलेत. टोपण काढून बोल्ट सोडवला की ते बदलता येतात, काम अर्ध्या तासाचं आहे, घाबरायचं काही नाही. पण विकणाऱ्याला दाखवून किंमत कमी करून घ्यायला काय हरकत आहे.

दुसरं म्हणजे मळ बाहेर कुठून जातो. लोक हे बघतच नाहीत आणि माझ्या मते तक्त्यात सगळ्यात वर हेच पाहिजे. आतल्या टबला भोकं असतील तर पाणी भोकांतून बाहेरच्या टबात जातं आणि खालून पंपाने ओढलं जातं. काही मशिनं पाणी काढताना टब स्थिर ठेवतात, त्यात वर तरंगणारा फेस, तंतू, सगळं काही कपड्यांवर उतरतं आणि कपडे गाळणीसारखे ते धरून ठेवतात. काही मशिनं फिरवत फिरवतच पाणी काढतात, त्यात हे कमी होतं. म्हणून धुणं संपल्यावर पाणी निघताना झाकणाजवळ कान देऊन उभ्या राहा, टब लगेच फिरायला लागतो का आधी नुसता पंप चालतो ते बरोबर कळतं.

दिरांचं फ्रिजिडेअर इथेच वेगळं पडतं आणि त्यांचं म्हणणं उगाच नाहीये. जनरल मोटर्सच्या काळातलं फ्रिजिडेअर म्हणजे बिनभोकांचा टब. फिरायला लागला की पाणी काठावर चढून बाहेर उडतं, त्यामुळे वरचा फेस आणि तंतू आधी जातात, कपड्यांतून गाळून जातच नाहीत. त्याचा खांब गोल फिरायच्या ऐवजी वरखाली होतो, मुसळासारखा, आणि 1947 पासूनच्या त्यांच्या युनिमॅटिक मॉडेलचा टब पिळताना मिनिटाला हजाराच्या वर फेरे घ्यायचा, त्या काळात! असं मशीन चालताना बघितलंय तो माणूस ते विसरत नाही, दीरही विसरलेले नाहीत त्यात काही नवल नाही. पण जनरल मोटर्सने 1979 मध्ये फ्रिजिडेअर विकून टाकलं, तो वरखाली होणारा प्रकार तिथेच संपला, आणि आज त्याचे रबरी सील आणि सुटे भाग गोळा करणं हाच एक वेगळा उद्योग आहे. रोज धुणं करणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. दिरांना म्हणावं तुम्ही एक घ्या, आम्ही बघायला येतो.

फिल्टर-फ्लोची गोष्ट पण या मळाच्याच मुद्द्यावर आहे. खांबाच्या डोक्यावर एक रुंद थाळी बसते, तिच्या तळाला बारीक भोकं, आणि धुणं चालू असताना पंप टबातलं पाणी सारखं वर आणून त्या थाळीत ओततो. झाकण उघडलं की ती धार थाळीत पडताना दिसते आणि पाचेक मिनिटांत थाळीत राखाडी रंगाचा ओला बोळा जमायला लागतो. धुणं झालं की थाळी उचलायची, बोळा बोटाने काढायचा, विसळून ठेवायची. मी पहिल्यांदा तो बोळा हातात घेतला तेव्हा मला वाटलं, अरे हे सगळं इतकी वर्षं कपड्यांवरच राहत होतं की काय. काही मॉडेलबरोबर एक छोटी बास्केट पण यायची, खांबावर बसवायची आणि दोन-चार नाजूक कपडे थोड्या पाण्यात धुवायचे. इतकं विचार करून केलेलं काम मला दुसऱ्या कुठल्या जुन्या मशीनमध्ये दिसलेलं नाही. तुमच्यावाल्याची थाळी जागेवर आहे का ते मात्र नक्की बघा, कारण ती हरवली की फिल्टर-फ्लोतला फिल्टरच गेला.

विसळणं पण बघून घ्या. कुठे फिरता फिरता नुसते पाण्याचे फवारे मारतात, कुठे टब पुन्हा पूर्ण भरून विसळतात, बऱ्याच मशीनमध्ये दोन्ही असतं. पूर्ण भरून एकदा तरी विसळायला हवं, नुसत्या फवाऱ्यावर साबण नीट निघत नाही.

आता मुख्य, आतली यंत्रणा, कारण चाळीस-पन्नास वर्षांचं मशीन घ्यायचं म्हणजे आज ना उद्या ते उघडायला लागणारच.

मेटॅग म्हटलं की लोकांना मशीन बिघडतच नाही म्हणून रिकामा बसलेला तो रिपेअरवाला आठवतो, ती जाहिरात 1967 पासूनची, आणि मशीन खरंच तशी दणकट. खालचं पुढचं पत्र्याचं पॅनल दोन स्क्रू काढले की सुटतं आणि बरंचसं काम समोर बसून करता येतं. मोटर एका सरकत्या बैठकीवर असते, स्प्रिंगने ओढलेली, आणि पट्टे दोन, एक पंपाला आणि एक गिअरबॉक्सला. ही बैठक सरकते ती मुद्दाम, पिळणं सुरू होताना पट्टा थोडा घसरावा आणि जड टबने हळूहळू वेग घ्यावा म्हणून. म्हणजे पट्टाच इथे क्लचचं काम करतो! त्यामुळे पट्टा सैल वाटतो म्हणून कोणी आवळून ठेवला असेल किंवा भलताच जास्त पकड असलेला पट्टा घातला असेल तर मोटरवर ताण येतो आणि जळका वास सुटतो. तिला तिच्यासाठी बनवलेलाच पट्टा लागतो. मोटर एका दिशेने फिरली की धुणं, उलट फिरली की पिळणं, इतकी साधी विभागणी आहे आणि ती फार टिकते. पण टबखालचं सील गेलं की पाणी बेअरिंगमध्ये उतरतं, आणि ते काम करायला टबचा मोठा नट सोडवावा लागतो, त्याला खास पान्हा लागतो, हातोडा लागतो आणि इतक्या वर्षांत तो इतका घट्ट बसलेला असतो की जागा आणि जोर दोन्ही पाहिजे. वर्कशॉप नाही म्हणालात म्हणून मी मेटॅगला दुसरा नंबर देतोय, नाहीतर दिला नसता.

डायरेक्ट ड्राइव्ह 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला आलं. पट्टा नाहीच. मोटर सरळ गिअरबॉक्सला जोडलेली आणि मोटरच्या दुसऱ्या टोकाला पंप, तिन्ही एका ओळीत. मोटर आणि गिअरबॉक्सच्या मध्ये एक छोटं कपलिंग असतं, दोन प्लॅस्टिकचे तुकडे, प्रत्येकाला तीन बोटं, आणि त्यांच्यात एक रबराची चकती. नेहमी जास्त कपडे कोंबले की गिअर मोडायच्या आधी हे कपलिंग मोडतं, आणि महागातला गिअरबॉक्स वाचतो हे बरंच आहे. ते मोडलेलं ओळखायचं असं: मोटरचा आवाज येतो, पंप पाणी नीट काढून टाकतो, पण खांबही हलत नाही आणि टबही फिरत नाही. पंप थेट मोटरवरच असल्यामुळे तो चालत राहतो, म्हणून निदान अगदी सोपं.

बदलायचं कसं तर आधी प्लग काढा, मग वरचं पॅनल सैल करून मागे टाका, बाहेरचा पूर्ण पत्रा दोन पितळी रंगाच्या क्लिपांवर असतो, त्या काढल्या की पत्रा आख्खा पुढे ओढून बाजूला ठेवता येतो आणि मशीन चारी बाजूंनी उघडं. पंपाच्या दोन क्लिपा, मोटरच्या दोन क्लिपा, की कपलिंग तुमच्या हातात. पहिल्यांदा करणाऱ्याला तासभर लागेल, दुसऱ्यांदा त्याच्या निम्मा. हेच मशीन जवळजवळ 2010 पर्यंत बनत राहिलं, व्हर्लपूलच्या नावाने आणि केनमोरसारख्या दुसऱ्या नावांनीही, त्यामुळे सुटे भाग आजही मिळतात आणि एकाचे दुसऱ्याला बऱ्याचदा बसतात. (केनमोरच्या मॉडेल नंबरची सुरुवात 110 ने असेल तर ते व्हर्लपूलने बनवलेलं, हे लक्षात ठेवा, कधीतरी एखादं टाकून दिलेलं मशीन सुट्या भागांसाठी फुकट मिळून जातं.) फिल्टर-फ्लो 1990 च्या दशकातच बंद झालं, त्याचे भाग शोधावे लागतात, मिळतात पण वाट बघायला लागते, आणि तेवढे दिवस धुणं बादलीत. म्हणून माझा जीव फिल्टर-फ्लोत असला तरी तुम्हाला मी डायरेक्ट ड्राइव्हच सांगणार.

पण हे सगळं तेव्हाच, जेव्हा त्या विशिष्ट मशीनचा टब आणि बेअरिंग धड असेल, कारण त्यात दोष असला तर नावाला काही अर्थ नाही. माझ्याकडे एक जुनं मशीन होतं, वरून काचेसारखं चकचकीत, आणि पांढऱ्या टॉवेलांवर अधूनमधून तपकिरी रेघा यायच्या. मी पाण्याला दोष दिला, मग साबणाला, मग पाइपला, दोन महिने गेले. शेवटी एका रविवारी खांब उपटला, हो, अक्षरशः उपटला, गरम पाणी भरून ठेवलं तासभर, मग खालून दोरी घालून ओढला. खाली काळ्या चिखलाचं कडं, त्यात दोन हेअरपिना, एक शर्टाचं बटण, आणि त्या पिनांच्याच खाली इनॅमलचा टवका उडालेला, बोटाच्या नखाएवढा, त्यातून गंज फुलून वर आलेला. त्या एका टवक्याने माझे निम्मे टॉवेल गेले. तेव्हापासून खांब काढून दाखवल्याशिवाय मी मशीन घेत नाही, तुम्हीही घेऊ नका, विकणारा कितीही म्हणाला की निघत नाही हो ते. निघत नसेल तर खाली काय आहे ते त्यालाही माहीत नाही.

बेअरिंगसाठी रिकाम्या टबचा काठ दोन्ही हातांनी धरा आणि वरखाली हलवा. आख्खा टब स्प्रिंगवर डोलला तर ठीक, ते त्याचं कामच आहे, पण आतला टब मधल्या दांड्यावर लुडबुडतोय असं जाणवलं तर नको. मग रिकामंच पिळायला लावा आणि झाकणावर हात ठेवून ऐका, वेग वाढेल तसा विमान उडतंय असा घुमणारा आवाज आला तर बेअरिंग गेलंय. खाली बॅटरी मारून जमीन पण बघा. पाण्याचा डाग एक वेळ चालेल, पण तेलाचा चिकट डाग असेल तर गिअरबॉक्स गळतोय. झाकण उघडल्यावर पिळणं थांबतं का, टबला ब्रेक लागतो का हेही बघा आणि झाकणाचा स्विच कोणी वायर जोडून बायपास केला असेल तर तो पूर्ववत केल्याशिवाय मशीन वापरूच नका. त्या फिरत्या टबात हात गेला तर काय होतं ते मला लिहायचं पण नाहीये.

विजेचंही तितकंच गंभीर आहे. ही मशिनं 120 व्होल्ट आणि 60 हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला साठ आवर्तनांच्या विजेवर, चालायला बनलेली. 50 हर्ट्झची वीज असेल तर ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही, त्यामुळे मिनिटाला 1725 फेऱ्यांची मोटर साधारण 1440 वर येते, पिळणं त्याच प्रमाणात कमजोर होतं, टायमरची मोटरही हळू चालते म्हणून दहा मिनिटांचं धुणं बारा मिनिटं चालतं, आणि मोटर जास्त तापते. 60 हर्ट्झ मिळत असेल तर हा प्रश्नच नाही. अर्थिंग मात्र कुठेही असलात तरी पाहिजेच, पत्र्याचं मशीन आणि ओले हात, तिथे तडजोड नको. वायरचं रबर कडक होऊन तडकलं असेल तर वायर आधी बदलून घ्या. आणि मोटरला जुना कंडेन्सर असेल, 1979 च्या आधीचा, फुगलेला किंवा तेल सुटलेला, तर त्याला उघड्या हाताने शिवू नका. त्या काळच्या बऱ्याच कंडेन्सरमध्ये पीसीबी नावाचं विषारी तेल असायचं, 1979 मध्ये अमेरिकेत त्याच्या उत्पादनावर बंदी आली. चांगला दिसणारा कंडेन्सर पण डिस्चार्ज केल्याशिवाय धरायचा नाही, प्लग काढला तरी त्यात चार्ज राहतो.

पाण्याचं पत्रात तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगायलाच पाहिजे. भरलेला टब, धुणं आणि विसळणं मिळून ही मशिनं एका फेरीला साधारण 150 लिटर पाणी घेतात, आजचं फ्रंट लोड त्याच्या निम्म्यातही भागवतं. म्हणून पाण्याची लेव्हल निवडता येते का ही ओळ तक्त्यात घाला, ती महत्त्वाची आहे. हवेच्या दाबाच्या स्विचवर लेव्हल ठरत असेल तर उत्तम, कारण काही जुनी मशिनं नुसत्या वेळेवर पाणी घेतात, नळाला जोर कमी असला की टब अर्धाच भरतो आणि खांब सुक्या कपड्यांना ओरबाडत बसतो. काहींना साबणाचं पाणी साठवून पुढच्या फेरीला परत ओढायची सोय असते, सड्स सेव्हर म्हणतात त्याला, शेजारी मोठा हौद किंवा सिंक लागतो. आधी पांढरे धुवून त्याच पाण्यात रंगीत आणि शेवटी पायपुसणी धुणाऱ्यांना ते सोन्यासारखं आहे. तुमच्या तिन्हीपैकी एखाद्याला मागे ड्रेनचे दोन पाइप दिसले तर तेच असणार, विचारा.

डायरेक्ट ड्राइव्ह ठरलं तर घरी आणताना ते आडवं पाडू नका, तेल बाहेर येतं आणि टब त्याच्या आधारावरून सरकतो. उभंच न्यायचं, टब आणि पत्रा यांच्या फटीत चारी बाजूंनी जुने टॉवेल घट्ट कोंबायचे म्हणजे टब आपटत नाही, आणि घरी पोचल्यावर पाणी जोडायच्या आधी ते टॉवेल मोजून बाहेर काढायचे, एक जरी आत राहिला तर पहिल्याच पिळण्यात टब त्याला घासून अडकेल.